दात न बघता

तुळसा माझ्या अंगणात येऊन थुंकली. भर दुपारी, वस्तीवरची माणसं बघत असताना. थुंकी माझ्या पायापासून वीतभर लांब पडली. माझ्या तोंडाला तोंड द्यायला बारामतीच्या बाजारातले हेडी, मेंढरांचे दलाल, कचरतात, आणि त्या दुपारी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. लोकांना अर्थ लावायची फार हौस. त्या हौसेपायी काय झालं ते सांगते. आता सांगायला हरकत नाही, माझ्या लेकीची, म्हाळसाची, सासू गेल्या साली वर गेली.

आमची वस्ती लोणी भापकरच्या वरच्या अंगाला, माळाला लागून. खाली कॅनॉलचं पाणी, ऊस, बंगले. वर आम्ही, मेंढरं आणि वारा. मालक गेल्यापासून कळप मीच राखला. मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी मी ठोकली, लोकर कापायची कातरणी मी धरली. बहात्तरच्या दुष्काळात लोक पाऊस येईल म्हणून आभाळाकडं बघत बसले, मी भाव पडायच्या आधी निम्मा कळप विकून मोकळी झाले. त्याच्या पुढच्या महिन्यात मेंढरू फुकट घ्यायला कोण तयार नव्हतं. तेव्हापासून लोणीत एक रीतच पडली. गोजरबाईनं मेंढरं विकली की लोक विकायचे, गोजरबाईनं ठेवली की ठेवायचे. मला कुणी विचारायचं नाही. मी काय करते ते बघायचे.

पंच्याण्णवची दिवाळी झाली आणि माळावर पांढरी जीप आली.

मी बांधावर मेंढरं चारत होते. जीपमधून काळ्या चष्म्याचा साहेब उतरला. माझा चुलत दीर त्याला आपला माळ दाखवत होता. मुरमाड, कुसळ सोडून काही उगवत नाही असा.

"काय भाव सांगता?" साहेबानं विचारलं.

दिरानं मनात धरलेल्या भावाच्या दुप्पट सांगितला. पुढचा माणूस खाली आणणार, म्हणून सगळेच तसं सांगतात.

"चालेल," साहेब म्हणाला.

दिराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी काठी टेकत पुढं झाले.

"काय लावनार सायब हितं?"

"सागवान, आजी. वीस वर्षांत सोनं होईल या माळाचं."

"आन पानी?"

"होईल त्याची सोय."

तो जीपमध्ये बसला पण. किती खोल लागतं, कुणाची विहीर उन्हाळ्यात टिकते, मुरूम किती हात, एक शब्द विचारला नाही. मूठभर माती उचलून बघितली नाही. बुटाला कुसळं चिकटली ती मात्र नीट वेचून काढली.

आमच्यात मेंढी घेणारा आधी तिचा जबडा उघडतो. दात किती आले, किती झिजले, त्यावर वय, वयावर भाव. कास दाबतो, पाठीवर मूठ चालवतो. मग तिला नावं ठेवतो. रोगट म्हणतो, वांझ म्हणतो, असली मेंढी कुत्रं खाणार नाही म्हणतो. एवढं सगळं झालं की समजायचं, याला मेंढी घ्यायची आहे. जो दात न बघता पैसे मोजतो त्याला मेंढी नको असते. त्याला दुसरं काहीतरी हवं असतं, आणि ते आपल्याला दिसत नसतं.

हे मी माझ्या पोराला, दादासाहेबाला, त्याच संध्याकाळी सांगितलं. तो बारावी नापास, तिशीला आलेला, मेंढरांच्या वासाची लाज वाटणारा.

"आये, ती कंपनी हाय. खाटीक न्हाय."

"खाटीक परवडला. तो सुरी लपवत न्हाय."

महिन्याभरात दादासाहेब त्या कंपनीचा एजंट झाला. कंपनीची कल्पना अशी की लोकांनी पैसे भरायचे, आपल्या नावाचं सागाचं झाड माळावर लावून घ्यायचं, दर वर्षाला व्याज खायचं आणि वीस वर्षांनी लाकडाचे पैसे घ्यायचे. आणलेल्या प्रत्येक माणसामागं एजंटाला कमिशन. दादासाहेबानं हिरो होंडा घेतली, शर्टाच्या खिशाला पेन लावलं. माझी चार एकर पण मागितली. सात-बारा माझ्या नावावर. मी म्हटलं, मी मेल्यावर माझ्या छाताडावर लाव सागवान.

कंपनीनं माळाला काटेरी तार ओढली. ज्या माळावर माझ्या सासऱ्याच्या आज्यानं मेंढरं चारली, तिथं माझी मेंढी तारेतून तोंड घालते आणि वॉचमन तिला दगड मारतो. लोकरीचा धंदा तर आधीच मेला होता. घोंगडीवाले सणगर सूतगिरणीच्या कामाला लागले, गाड्यावर पंजाबातली लाल ब्लँकेटं आली, कातरलेली लोकर आम्ही वाटेच्या कडेला टाकत होतो. रस्त्याच्या कडेला चारावं तर उसाचे ट्रॅक्टर. त्यातच म्हाळसाचा निरोप आला.

माझी लेक फलटणकडं दिलेली. पदरात एक मुलगी. तिच्या पिशवीत गाठ झाली होती. पिशवी काढावी लागणार, नाहीतर जीव जाईल. सासरी कळलं असतं तर सासूनं दुसऱ्या दिवशी दुसरी सून आणली असती. बाई तशीच होती. म्हाळसाला माहेरपणाला म्हणून आणलं आणि पुण्याला नेलं. आम्हा तिघांना ठाऊक. मी, म्हाळसा आणि दादासाहेब.

त्यासाठी मी कळप विकला. सात पाठी, म्हणजे तरण्या माद्या, ठेवल्या, बियाणं म्हणून.

बारामतीच्या बाजारात बाईच्या हातावर रुमाल टाकून सौदा करणारा एकच हेडी, तात्याबा खाटीक. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, भोवतीच्यांना कळत नाही. तात्याबा तोंडानं ओरडत होता, "आक्का, ही मेंढरं हायत का सांगाडं? फुफ्फुसाची बिमारी दिसती मला," आणि रुमालाखाली बोट वाढवत होता. मी म्हणत होते, "तुझ्या डोळ्याला बिमारी झालीया, तात्याबा. जा, दुसरीकडं मर," आणि त्याचा हात सोडत नव्हते. भोवती लोणीची निम्मी माणसं उभी. भाव मनासारखा आला, रुमाल निघाला. कळप टेम्पोत चढताना ओरडत होता. मी मागं बघितलं नाही.

दादासाहेब हिरो होंडाला टेकून उभा होता. डोक्यावर कंपनीची हिरवी टोपी. कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं. तो हसला.

ते हसणं मी बघितलं. मला त्याचा अर्थ लागला नाही.

म्हाळसा वाचली. पैसा दवाखान्यात गेला आणि माझं तोंड शिवलं गेलं.

माळावर खड्डे सुरू झाले. पहारीनं मुरूम फोडायचा, घमेल्यानं उपसायचा. वस्तीवरच्या बाया सगळ्या त्या कामावर. तुळसाही. तुळसा खालच्या बुद्धवस्तीतली. तिचा मालक साखर कारखान्यात बॉयलरवर होता, भाजून गेला. एकच पोर, तेजश्री. बारामतीला अकरावीला एसटीनं जायची-यायची. तुळसा आणि मी बारा वर्षं एकमेकींच्या बाजूला खुरपत होतो. माझ्यासारखीच तिखट. माझ्या भाकरीला ती नावं ठेवायची, तिच्या कालवणाला मी ठेवायची, आणि दोघी एकमेकींचं खायचो.

पहिलं वर्ष झालं, कंपनीनं मांडव घातला. लोकांना व्याजाचे चेक वाटले, वर जिलबी. ज्यांनी भरले होते त्यांची मान ताठ, ज्यांनी नव्हते भरले ते कोपऱ्यात हिशोब करत. माझा चुलत दीर जिलबीचं पान नाचवत माझ्यापुढं आला.

"वयनी, जिलबी खावा. कडू न्हाय."

"तुझाच पैसा तुझ्या ताटात वाढलाय, भावजी. पाक तेवढा त्यांचा."

मांडव हसला. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले. मी आणखी पेटले. मांडवाच्या मधोमध उभी राहून म्हटलं, "ही कंपनी बुडनार हाय. काढा तुमचं. भिकंला लागाल." लोक आणखी हसले. कुणी कुणाला कोपरानं ढोसलं. त्या आठवड्यात म्हणे कंपनीला कधी नव्हे इतकी गिऱ्हाइकं आली. मला वाटलं, जिलबीचा गुण.

दुसरा उन्हाळा लागला. मी रस्त्याकडेला माझ्या पाठी आणि त्यांची कोकरं चारत होते. तारेपलीकडं बाया ओळीनं वाकलेल्या. हातात गेरूचे आणि चुन्याचे डबे. सागाच्या काठ्यांना खालून वर लाल-पांढरे पट्टे मारत होत्या. मी तार वाकवून आत गेले. तुळसाच्या हातातली काठी मुठीत धरून ओढली. सुकल्या तुरखाटीसारखी उपटून हातात आली. बुडाला मुळी नव्हती.

"मेल्याला कुंकू लावतीस व्हय गं तुळसे?"

"मला रोज मिळतो, आक्का. उद्या पुन्याची मान्सं गाडी करून बघाय येनार हायती. टँकर बी येनार हाय उद्या."

"उद्याच?"

"उद्याच."

"रोज मिळतो का येळंवर?"

ती ब्रश डब्यात बुडवून हलवत राहिली. "मागचं दोन आठवडं ऱ्हायल्यात. दादासायब म्हनलं, हातात कशाला घेता, कंपनीतच ठिवू. वाढत्याल."

माझ्या कानशिलात आग उठली. मजुरी द्यायला पैसा नाही म्हणून मजुरीच कंपनीत जमा. आणि ती बाई मेलेल्या काठ्यांना रंग देत ते मला सांगत होती. जीपचा काळ्या चष्म्याचा साहेब तोवर येईनासा झाला होता. त्याच्या जागी एक पोरगेला साहेब येत होता, त्याचा शर्ट त्याच्या मापाचा नव्हता. पंपावाल्यानं जीपला उधारीवर डिझेल देणं बंद केलं होतं. हे सगळं सगळ्यांनी बघितलं होतं. पट्टे मारणाऱ्या हातांनी बघितलं होतं.

तुळसा उठली. हात लुगड्याला पुसले, माझ्याजवळ आली, आवाज खाली आणला.

"आक्का, एक खरं सांगा. मालकाचं कारखान्यातनं आलेलं बँकंत तसंच हाय. तेजश्रीची बारावी झाली की तिला नर्सिंगला घालायचीया. तवर हितं ठिवू का?"

"ठिवू नको. बुडंल. ह्या काठीवानी हातात यील."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. बाजारात रुमालाखाली हात घालायच्या आधी हेडी बघतो ना, तसं बघत होती.

"बरं आक्का. न्हाय ठिवत," म्हणाली, हसतच.

मला वाटलं ऐकलं.

पुढच्या गुरुवारी बाजारात तात्याबा भेटला. "आक्का, तुमचा ल्योक भाजीवाल्या बायांकडनं बी घ्यायला लागलाय. रोजचं पाच, धा. बूट पालिश करनारं पोरगं, त्याच्याकडनं बी."

जो हेडी मोठी मेंढरं उचलतो तो पुढच्या बाजाराला परत येतो. जो दूधपिती कोकरंसुद्धा टेम्पोत घालतो त्याला त्या बाजारात परत यायचंच नसतं. हे तात्याबाला ठाऊक, मला ठाऊक.

निदान माझा पाठचा भाऊ तरी वाचावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी एसटीनं निमगाव केतकीला गेले. माझं माहेर. बापूसाहेबाचा डाळिंबाचा बाग फुलावर आलेला. तो आणि वहिनी ओसरीवर बसलेले. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी मी म्हटलं, "बापू, त्या सागाच्या कंपनीत घातलं असशील तर आजच्या आज काढ."

वहिनी फिस्सकन हसली. "वन्सं, आता बास की. आमी बी घातलंय. आमच्यापाशी तरी कशाला?"

"कशाला म्हंजी?"

बापू माझ्याकडं कौतुकानं बघत होता. "आक्का, तू बी कमाल करती. सगळा कळप इकून तितं घातलास, आन आमाला न्हाय घालू म्हनून सांगत फिरतीस. लहानपनापासनं बघतोय मी. ज्या मेंढीला तू लई श्या देतीस, तीच संध्याकाळी आपल्या दावनीला असती."

"कोन म्हनलं मी घातलं?"

"म्हनायला कशाला पायजे? कळप गेला. पैसा दिसला न्हाय. इहीर खंदली न्हाय, घर बांधलं न्हाय, अंगावर गुंजभर सोनं चढलं न्हाय. मग गेला कुठं?"

मी तांब्या न पिताच खाली ठेवला. वहिनी म्हाळसाच्या सासूची मावसबहीण. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"दादाला इचारलं मी," बापू म्हणाला. "आईनं किती घातलं रं? तर हसला. म्हनला, मामा, आईचं आपन कशाला बोलायचं."

त्या ओसरीवर मला सगळं दिसलं. मांडवातलं हसणं, कोपरं ढोसणं, तुळसाचा पदर. मी जितकं ओरडले तितके लोक त्या खड्ड्यात उतरले. माझी एकेक शिवी पोरानं कमिशनमध्ये मोडून खाल्ली.

परतीच्या गाडीत मी उभीच होते. कुणीतरी उठून जागा दिली, बसवलं नाही.

दादासाहेब अंगणात हिरो होंडा धूत होता. पाणी वस्तीला नाही, याच्या गाडीला आहे. मी ओसरीवरची कातरणी उचलली.

"माझ्या नावावर लोक आनलंस?"

"तुजं नाव म्या घेतलं न्हाय, आये. एकदा बी न्हाय. इचार कुनाला बी."

"हसलास."

"मग? हसायला बी बंदी हाय?"

"कळप कशाला इकला, ठावं हाय ना तुला? तुझ्या भैनीचं पोट फाडलं तितं. तिच्या दुखन्यावर दुकान मांडलंस तू?"

त्यानं फडका पिळला. सावकाश. "मग सांग की लोकास्नी खरं. जा, चावडीम्होरं हुभी ऱ्हा आन सांग, पैसा म्हाळसाच्या आपरेशनला गेला. कोन धरलंय तुला?"

त्याला ठाऊक होतं मी सांगणार नाही. माझ्या पोटचा होता, माझी दुखरी जागा त्याला आयतीच माहीत. मी कातरणी त्याच्या गाडीच्या गादीत खुपसली आणि ओढली. टर्रकन फाटली, आतला पिवळा स्पंज बाहेर आला. तो ओरडला नाही. मागं सरला. लहानपणी सरायचा तसा.

तशीच तुळसाच्या दारात गेले. ती चुलीपुढं, तेजश्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक घेऊन.

"तुळसे, ठिवलंस का?"

तिनं मान खाली घातली. मग वर केली. "ठिवलं."

"काढ. उद्या सकाळी बारामतीला जा आन काढ. मी येते संगं."

"आक्का, तुमी काढा. तुमी काढलं की मी काढते."

"मी घातलंच न्हाय तर काढू काय, माझं कपाळ?"

"मग कळपाचं काय झालं?"

चुलीतलं लाकूड फुटलं. तेजश्रीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. तुळसाच्या डोळ्यांत माझ्याविषयी जी काही शंका होती ती तिथंच पक्की झाली. म्हातारी एकटीलाच सगळं पाहिजे आहे, अशी.

"बघा," ती म्हणाली. "सांगत न्हाय तुमी."

दसऱ्याच्या आधी कंपनीच्या बारामतीच्या हपिसाला कुलूप लागलं. टेबल-खुर्च्या आदल्या दिवशीच टेम्पोतून गेल्या होत्या. लोक शटर बडवून परत आले. माळावरची तार पहिल्या रात्रीच गेली. कंपनीच्या पाटीचा पत्रा कुणीतरी गोठ्याला लावला. अजून तिथं आहे, त्यावर हिरवं झाड आणि एक हसरं कुटुंब. दादासाहेब आतल्या खोलीत पोत्यांमागं बसून राहिला. त्यानं स्वतःचं कमिशनसुद्धा परत कंपनीतच भरलं होतं. मूर्ख. चोर तरी धड व्हायचं.

माणसं आमच्या अंगणात येऊ लागली. चुलत दीर येऊन रडला. बापूसाहेबानं पैशाअभावी डाळिंबाच्या बागेचं खत थांबवलं आणि चिठ्ठी पाठवली की आक्कानं आता निमगावला येऊ नये. मी सगळ्यांना एकच सांगत होते, मी घातलं नव्हतं. त्यांना त्याचा दुसराच अर्थ लागत होता. म्हातारीनं वेळेत काढून घेतलं.

आणि मग त्या दुपारी तुळसा आली. मागं तेजश्री, आईचा दंड धरून, तिला मागं ओढत. त्याच दिवशी म्हाळसाची सासू आमच्याकडं पाहुणी आलेली. उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"तुमचं वाचलं," तुळसा म्हणाली. आवाज चढवला नाही. "कळप बी तुमचा, ल्योक बी तुमचा. आमाला मेंढरावानी म्होरं घातलं आन तुमी मागनं निघून गेलासा. माझा मालक उकळत्या पान्यात शिजला आक्का. त्याचं हुतं ते."

"तुळसे, मी..."

"कुठं गेला कळपाचा पैसा? सांगा. चार मान्सांत सांगा."

सुपातले तांदूळ वाजायचे थांबले. सासूनं मान वर केली होती.

मी गप्प राहिले. तुळसा थुंकली.

तेजश्री रडली नाही. तिनं मला खालून वरपर्यंत नीट बघितलं, आणि आईला घेऊन गेली. सासू म्हणाली, "असल्या लोकांला तोंड कशाला देता हो तुमी?" मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हटलं, "तुमी आत जावा." दुसरं काही बोलले असते तर म्हाळसाचं आणि माझं दोघींचं घर जळलं असतं.

सासू तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. गाडी दिसेनाशी झाली तशी मी आतल्या खोलीत गेले आणि पोत्यांमागून पोराला दंडाला धरून बाहेर काढलं.

"कुठं?"

"चल."

"लोक मारत्याल, आये."

"मारू द्यात. हाडं माझीच हायत."

ठेवलेल्या सात पाठींचा आता बरा कळप झाला होता. त्यातल्या निम्म्या मी वेगळ्या काढल्या. तरण्या, गाभण. आणि पुढं माझी म्होरकी. कळपात एक मेंढी अशी असते की ती ज्या वाटेला लागते त्या वाटेला बाकीच्या डोळे मिटून लागतात. म्होरकीशिवाय कळप म्हणजे विस्कटलेली लोकर. म्हणून ती पण दिली. दादासाहेबाच्या खांद्यावर घोंगडं टाकलं, हातात काठी दिली. त्यानं घोंगडं दोन बोटांनी धरलं होतं. वस्तीतून भर सकाळी आम्ही मायलेक निघालो. कुणीतरी पाठीत ढेकूळ मारलं, त्याच्या का माझ्या ते ठाऊक नाही, लागलं मला.

तुळसा दारात भांडी घासत होती. उठली नाही.

माझ्या मेंढरांच्या डाव्या कानाला चाकूनं पाडलेला चिमटा असतो, ती आमच्या घराची खूण. दुसऱ्याला द्यायची तर उजव्या कानाला त्याची खूण पाडून द्यायची, म्हणजे कुणी म्हणायला नको की चोरून आणली.

"धर," मी पोराला म्हटलं.

तो खाली बसला. मेंढीची मान मांडीत धरली. मी चाकूनं कान कापला, हळद दाबली. मेंढी धडपडली, रक्त त्याच्या विजारीवर उडालं. पुढची. पुन्हा धर. त्याच्या हाताला शेण, रक्त, हळद. तेजश्री पाण्याची कळशी घेऊन आली आणि तिथंच थांबली. एकेक करत सगळ्या झाल्या. त्यानं मान वर केली नाही. रडतोय का रागावलाय, मी विचारलं नाही.

तुळसा राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"हे घिऊन मिटलं, असं समजू नगा."

"मिटवाय आले न्हाय."

"पाळनार बी न्हाय मी. गुरुवारी इकनार. पोरीची फी भरायचीया."

"इक."

"तुमी घातलं नव्हतं म्हनता."

"नव्हतं."

"मग पैसा कुठं गेला?"

"ते इचारू नको."

"मग मी कसं मानू?"

"मानू नको," मी म्हटलं. "दात बघ."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात पाण्यात बुडवून धुतले, पदर खोचला आणि पहिल्या मेंढीपुढं बसली. जबडा उघडला, अंगठा आत घातला, दात मोजले. कास दाबली. पाठीवर मूठ चालवली. मग दुसरी. तोंडानं एक शिवी नाही, एक कौतुक नाही. माझ्या मेंढरांचे दात असे कुणी बघितले नव्हते. गोजरबाईची मेंढी म्हटलं की लोक तशीच घेऊन जायचे. माझं अंग जळत होतं आणि मी जागची हलत नव्हते.

शेवटी म्होरकी. तुळसानं तिचा जबडा उघडला आणि बराच वेळ उघडा धरला.

"हिचं दात झिजल्यात. बदला."

"तुळसे, ती म्होरकी हाय. तिच्याबिगर बाकीच्या चालायच्या न्हायत. तिच्या मागं..."

"मला म्होरकी नगं, आक्का," तुळसा म्हणाली. "म्होरकीच्या मागं जाऊनच हितवर आले."

बाजारात गेलेल्या माझ्या सगळ्या जन्मात कुणी माझी मेंढी परत केली नव्हती. मी पोराकडं बघितलं. तो उठला, वस्तीवर गेला आणि दोन दात आलेली एक पाठ खांद्यावर घालून घेऊन आला. तिचा कान कापला. तुळसानं तिचेही दात बघितले, मगच बाजूला सोडली.

म्होरकी माझ्या मागं परत आली. तिचे आता दोन्ही कान कापलेले, दोन घरांच्या खुणा असून कुणाच्याच घराची नसलेली. वाटभर ती थांबून मागं वळून ओरडत होती. मागनं एकही मेंढी आली नाही.